इंजिनाच्या अश्रूंचा सीआर

एक एप्रिलला नरहरी गावंडे यांनी ठरवलं, की यंदा वर्षभर निव्वळ आनंदासाठी वाचायचं. इथपर्यंत ठीक होतं. पण नरहरी नव्या छत्तीसगड राज्याच्या मंत्रालयात सीआर शाखेत बाबू होते, म्हणजे राज्यभरातल्या अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल त्यांच्या टेबलावरून जात. दिवसभर दुसऱ्यांच्या वर्षाला लागलेल्या श्रेण्या पाहणाऱ्या माणसाला संध्याकाळी नुसतं वाचवत नाही. त्यांनी पुस्तकांनाही सरकारी श्रेणी लावायला सुरुवात केली. क-प्लस म्हणजे उत्कृष्ट, मग क, ख, ग, आणि तळाशी घ, म्हणजे घटिया.

"आनंदासाठी वाचता त मार्क काहून देता?" वनमालाबाईंनी कणीक मळता मळता विचारलं.

"मार्क नाही, श्रेणी. आनंद झाला याचा काही रेकॉर्ड पाहिजे का नाही?"

"मी रोज सैपाक करतो, त्याचा कोनता रेकॉर्ड हाय?"

बायकोनं जास्त बोलू नये म्हणून नरहरींनी तिला समीक्षक अधिकारी नेमलं. सीआरचा नियमच आहे : एकानं, म्हणजे प्रतिवेदकानं, श्रेणी द्यायची, त्याच्या वरच्यानं तपासून सही करायची. (वरचं कोण, हे त्या घरात लग्नाच्या वर्षीच ठरलं होतं.)

पुस्तकं मराठी मंडळाच्या वाचनालयातली. परत करताना नरहरी आतल्या पानावर श्रेणीची चिठ्ठी डकवून देत. एका रहस्यकथेवर त्यांनी लिहिलं, "खून वेळेवर झाला. तपासात अनावश्यक विलंब. ख." एका प्रेमकथेवर, "नायक आठव्या पानावर प्रेमात पडतो व त्यानंतर कामावर हजर होत नाही. ग." लोणच्यांच्या पुस्तकाला मात्र क मिळाला, कारण समीक्षक अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून बरणी भरली होती. दिवाळीपर्यंत असं झालं, की मंडळातले लोक आधी चिठ्ठी पाहत आणि मग पुस्तक घेत. नरहरी हात मागे बांधून चालू लागले. असं पूर्वी फक्त त्यांचे साहेब चालत.

आता घरमालकांकडे यायला हवं. गावंडे कुटुंब राज्य वेगळं झालं तेव्हा बदलीनं भोपाळहून आलेलं, आणि शंकर नगरात यज्ञेश्वर भांगे यांच्या घराचा खालचा मजला त्यांना जुन्या भावात मिळालेला. भांगेकाकाजी रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या खर्चानं 'इंजिनाचे अश्रू' नावाची कादंबरी छापली होती. तिच्या उरलेल्या सगळ्या प्रती माळ्यावर होत्या, आणि एक प्रत नरहरींकडे.

नरहरींनी ती दोनदा हातात घेतली. पहिल्या चाळीस पानांत गाडी प्लॅटफॉर्मवरच उभी होती. गार्ड झेंडी दाखवायला हात वर करी, आणि त्याला बालपण आठवे. एकेचाळिसाव्या पानावर हात पुन्हा वर गेला, तेव्हा नरहरी झोपले. मनातल्या मनात त्यांनी घ दिला आणि पुस्तक गाद्यांच्या खाली सरकवलं.

इकडे राजधानी झाल्यापासून रायपुरात भाड्यांना पंख फुटले होते. रोज कोणीतरी बडा अफसर नव्यानं रुजू होई आणि त्याला घर लागे. हरिदास नावाचा दलाल एके दिवशी सरळ अंगणात शिरला आणि टेप लावून फाटक मोजू लागला.

"इहां साहब की गाड़ी, उहां संतरी की कुर्सी," तो वर गॅलरीकडे पाहून ओरडला. "तीन गुना भाड़ा, काकाजी! हव बोलो, बस!"

"फागुन होऊ दे मंग पाहू," काकाजी वरून म्हणाले.

त्या दिवशी वनमालाबाई घरातले डबे मोजत बसल्या. लेकीची शाळा गल्लीच्या टोकाला होती, नळ अंगणात होता, शेजार चांगला होता. तेवढ्या भाड्यात आता सगळ्या शहरात न्हाणीघरसुद्धा मिळालं नसतं. नरहरींनाही भीती वाटली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात काकाजी इस्त्रीचा सदरा घालून खाली आले.

"नरहरीभाऊ, मंडळात साऱ्याईच्या पुस्तकाले तुमची श्रेणी हाय. माह्याच पुस्तकानं काय घोडं मारलं?"

"नाही, म्हणजे... चालू हाय ना काकाजी, अभ्यास करून राहिलो."

"खरं लिहाचं बरं! मी रेल्वेचा मानूस. लाल त लाल, हिरवं त हिरवं. उद्या संध्याकाळी येतो."

काकाजींची पावलं जिन्यावर वाजेनाशी होताच स्वयंपाकघरात उच्चस्तरीय बैठक भरली.

"ग द्या," वनमालाबाई म्हणाल्या. "मी वाचलं हाय पुरं. पन्नास पानं कापली त बरं होईन, असं साफ सांगा. म्हातारा समजदार हाय."

"ग? अन् घर गेलं म्हंजे? लेखकाले ग देणं म्हंजे त्याच्या पोराले काळा म्हणनं!"

"पण तुमी वाचलं कुठं?"

"श्रेणी द्याले वाचा लागते असं कोन म्हणते? आमच्या ऑफिसात..." इथे नरहरी थांबले. काही गोष्टी खरोखरच गोपनीय असतात.

त्यांनी क-प्लस दिला. पण क-प्लसला कारणं द्यावी लागतात, हाही नियमच. मग रात्रभर बसून त्यांनी फुलस्केप कागद भरला. "गाडी उभी असूनही वाचक पुढे जातो" असं लिहिलं. लेखक मराठी भाषेचा कणा असल्याचं लिहिलं. जागा उरली तेव्हा शिफारशीच्या रकान्यातही चार ठरीव सरकारी ओळी ठोकल्या. कागद वनमालाबाईंच्या पुढे सहीसाठी आला.

"लिहू का," त्या म्हणाल्या, "की प्रतिवेदकाचं घर भाड्याचं असल्यामुळे सहमत?"

"सही कर माय!" नरहरींनी हात जोडले. वनमालाबाईंनी सही केली, पण पुढचे दोन दिवस भाजीत मीठ बेतानंच पडत होतं.

काकाजींनी कागद जिन्यातच उभं राहून वाचला. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नरहरींना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सदर बाजारातून पेढे आले. दलाल हरिदास आला तर काकाजींनी त्याला फाटकातूनच हाकललं. "साहब को बोलो, घर खाली नहीं है!" हे वाक्य नरहरींनी दाराआडून ऐकलं आणि त्यांना ते वर्षभरात वाचलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा सुंदर वाटलं.

"पाह्यलं?" ते बायकोला म्हणाले. "साहित्याची जाण लागते!"

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकाजी पुन्हा खाली आले. सोबत पेढ्यांचा डबा, बगलेत कोऱ्या कागदांचा गठ्ठा. त्यांनी बैठकीच्या खोलीभर नजर फिरवली. खिडकी उघडून पाहिली. टेबल कुठे बसेल, ते पावलांनी मोजलं.

"नरहरीभाऊ, आयुष्यभर मले कोनी हिरवा सिग्नल नाही दिला. तुमी दिला. आता दुसरा अन् तिसरा भाग लिहाले घेतो. पण वर नातवंडाईचा गोंधळ, सुनेचा मिक्सर. तुमीच त लिहिलं हाय." त्यांनी खिशातून फुलस्केप काढला आणि शिफारशीचा रकाना मोठ्यानं वाचला, "'अशा लेखकास लेखनासाठी स्वतंत्र, हवेशीर जागा तातडीने उपलब्ध व्हावी.' मंग मी म्हनलं, तळमजला आपलाच हाय! महिनाभरात खाली करा, घाई नाही."

नरहरींच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"काकाजी," ते चाचरत म्हणाले, "समजा... समजा मी घ दिला असता त?"

"घ?" काकाजी मनमोकळे हसले. "त लिहिणंच सोडलं असतं! तसं ठरवूनच आलो होतो मी. मंग मले खोली कायले लागते? राहिले असते तुमी जन्मभर."

वनमालाबाईंनी नवऱ्याकडे फक्त पाहिलं. त्या पाहण्यात सगळे शेरे होते. नरहरींनी छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यांदा या पुस्तकाबद्दल खरं बोलायचं ठरवलं.

"काकाजी, माफ करा. मी ते पुस्तक चाळीस पानाईच्या पुढे वाचलंच नाही. अन् जेवढं वाचलं, त्याले मी मनातून घ दिला होता. देवाशपथ."

काकाजींचा चेहरा पडला. त्यांनी फुलस्केपची घडी हळुवार खिशात ठेवली आणि पेढ्यांचा डबा उचलून दाराकडे वळले.

"घर जाते म्हणून आता घ? असं नसावं, नरहरीभाऊ," ते खरंच दुखावल्या आवाजात म्हणाले. "एका भाड्याच्या घरापायी मानसानं साहित्याशी इतकी बेइमानी करू नये."