केरबातात्याची न दिसणारी जनावरं

आमच्या गावात शेतीतलं माझ्याइतकं कुणाला कळत न्हाय. माझ्या रानातलं तण बघाय शेजारच्या गावची माणसं येत्यात.

माझ्या बांधाला लागून केरबातात्याचं रान. हा गडी एकदा कोल्हापूरनं येताना मलकापूरच्या एस.टी.त छत्री उघडून बसला. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पुडी.

कंडक्टर म्हणाला, "तात्या, गाडी गळती व्हय?"

"ऊन येतंय. आत जनावरं हायत, मरतील."

"मग त्यांची तिकिटं?"

"मोज आणि फाड की!"

पुडीत जिवाणू होतं. तात्या सांगायचा, "मातीत जेवाण हाय रं, पर डब्याचं झाकण घट्ट बसलंय. ही बारकी जनावरं झाकण काढून मुळाच्या तोंडात घास घालत्यात." ऊस काढून काढून आणि खत खाऊन मेलेल्या रानात त्यानं शतावरी लावायची काढली. गाव हसलं. मी आघाडीवर.

म्हटलं, "तात्या, चार मुठी युरिया टाक, मोकळा हो."

"युरिया म्हंजे दारू. रोप नाचतंय, अंगाला काय लागत न्हाय."

"मग ऊस लाव."

"बाळंतपणात सुमीला ऊस खायला घालू व्हय?"

सुमी त्याची एकुलती लेक, नुकतीच लगीन होऊन गेलेली. शतावरीनं बाळंतिणीला दूध येतंय म्हणत्यात. पयलं बाळंतपण म्हायेरचं, पर तात्याच्या घरात बाईमाणूस न्हाय. म्हणून तात्याच्या इहीणबाईंनी आधीच सांगितलंतं, "आमच्याकडंच करू."

तात्या म्हणाला, "मी करून दावतो."

लावणीदिवशी त्यानं गुळाच्या पाण्यात पुडी कालवली, रोपांच्या मुळ्या त्यात बुडवल्या, रोपं सावलीला मांडली आणि मला म्हणाला, "बघ जरा." मी बघितलं. ओली दिसली. कुजतील म्हणून सगळी उचलून उन्हात वाळत घातली, पापडागत.

तात्या आला. एक शिवी दिली न्हाय. मला वाटलं, खूश झाला. दुसऱ्या दिवशी गडी परत कोल्हापूरला, परत पुडी.

पुढच्याच्या पुढच्या साली मुळ्या निघाल्या, बोटागत जाड. तात्यानं सुमीला म्हायेरी आणली, ती बाळंत झाली. तात्या चुलीवर दुधात शतावरी ढवळतोय, मी शेजारी बसलोय, आणि इहीणबाई दारात.

"पावणं, बाप्यामाणूस बाळंतपण करतोय व्हय कुठं? न्यायला आलीया मी."

तात्या चुलीपुढनं उठला न्हाय. "हिला जन्म देऊन हिची आय गेली. शेळीच्या दुधावर वाढवलीया मी हिला. हिच्या लेकराला आयचं दूध पोटभर मिळाल्याबिगार हितनं हलवणार न्हाय. काय करायचं ते करा."

दूध उतू चाललंतं, तरी ढवळतच होता. आतनं बाळ चुटुचुटु पिताना तेवढं ऐकू येत होतं.

इहीणबाई तिथंच चुलीपुढं बसल्या. लाकूड मागं ओढलं. म्हणाल्या, "सव्वा म्हैना ऱ्हाऊ दे हितंच."

मी छाती काढली. "काळजी करू नगा, मी हाय की मदतीला."

त्यांनी मला खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि तात्याला म्हणाल्या, "ह्याला तेवढं पोरापासनं लांब ठेवा."