आमच्या घरातलं गुरुत्वाकर्षण

मुलीला मदत करायला गेलो, एवढाच माझा गुन्हा. ती तापाने घरी असताना वर्गात लंबकाचा प्रयोग होऊन गेला. सर म्हणाले, घरी कर. पण वही उद्या सकाळी सहीला हवी, नाहीतर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. लंबकाचे वीस झोके मोजायला एक माणूस हवा होता. तिची आई औषधांच्या दुकानात काम करते, सातला घरी येते.

"आई येईपर्यंत थांबते," मुलगी म्हणाली.

मला रागच आला. अठ्ठावीस वर्षं वार्ताहर आहे मी. भरलेल्या मैदानाकडे एकदा बघून किती माणसं आलीत ते सांगतो. (आयोजक वेगळा आकडा देतात, पोलीस वेगळा. दोघेही थापा मारतात.) आणि मला वीसपर्यंत मोजता येत नाही?

पडद्याच्या दांडीला मीटरभर दोरा, त्याला जाडजूड लोखंडी नट. मुलीच्या हातात स्टॉपवॉच.

"बाबा, सुरुवात शून्यापासून करायची."

"आता तू मला शून्य शिकव."

सातव्या झोक्याला फोन वाजला. आमचा उपसंपादक.

"तुमच्या मोर्चातले दहा हजार मी सात केलेत."

"कोणाला विचारून?"

"फोटोत तेवढेच दिसतायत."

"फोटोवाला झाडामागे उभा होता. झाडामागचे कोण मोजणार, तुझा काका?"

नटावरची नजर मी हलवली नव्हती, शपथेवर सांगतो.

"बाबा, किती झाले?"

"वीस. थांबव," मी ठामपणे म्हणालो. (आवाज ठाम असला की आकडा कोणी तपासत नाही, हा माझा अनुभव.)

मुलीने गणित मांडलं आणि तिचा चेहरा उतरला. "गुरुत्वत्वरण तेरा पूर्णांक सहा आलंय. पुस्तकात नऊ पूर्णांक आठ आहे."

"पुस्तक लिहिणारा आपल्या घरी आला होता मोजायला?"

"अहो बाबा, एवढं असतं तर काट्यावर सगळ्यांचंच वजन जास्त भरलं असतं."

मी थबकलो. आमचा काटा मला नव्वद किलो दाखवतो. तिच्याच कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. खरं वजन पासष्ट! गेली सहा वर्षं या काट्याच्या साक्षीवर बायको माझ्या ताटातलं जेवण कमी करत आली होती. हा सरळसरळ अन्याय होता. मी सरांना फोन लावला.

"बाबा, नको. सही त्यांचीच हवीये मला."

पण दुसरी बाजू विचारल्याशिवाय मी बातमी सोडत नाही.

"सर, आमच्या घरी साडेतेराच्या वर येतंय. तुमचं म्हणणं काय?"

"झोके कोणी मोजले?"

"मी."

"काय करता आपण?"

"वार्ताहर आहे."

"अच्छा," सर म्हणाले. "घरात आणखी कोणी नाही का?"

हा काय प्रतिसाद झाला? मुलगी डोळे पुसत वही मिटत होती, तेवढ्यात बायको आली. तिने पर्स खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं, माझा फोन बंद केला आणि मला खुर्चीत बसवलं. दिवसभर गोळ्या मोजणारी बाई ती. ओठ हलवत वीस मोजले. उत्तर आलं नऊ पूर्णांक आठ.

"पासष्ट किलोवाले," ती म्हणाली, "काट्यावर उभे राहता का जरा?"

मी उभा राहिलो नाही.

"पहिली नोंद खोडून टाक," मी मुलीला सुचवलं.

"प्रयोगवहीत खोडाखोड चालत नाही. दोन्ही लिहायच्या, आणि फरक का पडला त्याचं कारण द्यायचं."

दुसऱ्या दिवशी ती सही घेऊन नाचतच आली. मी वही उघडली. 'त्रुटीची कारणे' या मथळ्याखाली तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'एक, हवेचा विरोध. दोन, वडील.'

सरांनी पहिलं कारण लाल शाईने खोडलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'नगण्य.'