सबनीस काकांची बिनपाण्याची गाडी

बाहेर बर्फ पडत असताना टेबलफॅनसमोर कप धरून चहा निववणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे अमेरिकेतल्या नोव्हाय गावचे शेजारी, सबनीस काका. "हवा फुकट आहे, वापरा!" हे त्यांचं ब्रीदवाक्य.

काकांचा जीव जडला होता एका जुन्या अमेरिकन कंपनीवर. तिच्या मोटारींना रेडिएटरच नसायचा. इंजिन पाण्याशिवाय, नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं. गंमत म्हणजे काकांनी स्वतः अख्खी नोकरी रेडिएटर डिझाइन करण्यात काढली. "ते पोटासाठी," म्हणायचे. त्या कंपनीच्या इंजिनाचा एक सिलिंडर त्यांच्या हॉलमध्ये विराजमान होता. वारा खेळावा म्हणून त्याच्या अंगावर पातळ पट्ट्या होत्या. काकू त्यांत किराणा दुकानाची कुपनं खोचायच्या. काका चिडून ती काढायचे, काकू पुन्हा खोचायच्या.

घरी कोणी आलं की कंपनीचा इतिहास सुरू. काका रंगात येत मंदीपर्यंत पोचायचे, "आणि कंपनीचं दिवाळं निघालं" म्हणायचे, की स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "बुडाली ना एकदाची? चला, पानं वाढलीत."

"अगं, बुडाली नाही!" काका उसळायचे. "तिच्याच इंजिनिअरांनी ती विकत घेतली! विमानांची इंजिनं केली, हेलिकॉप्टरची केली!" उरलेला इतिहास मग ते घास हातात धरून सांगत. वर्षानुवर्षं त्यात काडीचा फरक नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर काकांनी इतिहासही काढला नाही आणि फॅनही लावला नाही.

परवा मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. सोबत समीर होता, पुण्याहून नुकताच आलेला माझा सहकारी. त्याचं लक्ष सिलिंडरकडे गेलं.

"काका, ही कुपनं तर एक्स्पायर झालीत. टाकून देऊ?"

"राहू दे," काका घाईने म्हणाले.

"पण ही वस्तू सॉलिड आहे यार! कशाची आहे?"

काका सावरून बसले. किती महिन्यांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला! बिनपाण्याच्या मोटारी धावल्या, मंदी आली. "आणि कंपनीचं दिवाळं निघालं," काका म्हणाले आणि थांबले.

थांबलेच. समीर माझ्याकडे बघायला लागला.

"बुडाली ना एकदाची?" मी म्हटलं. "चला काका, पानं वाढतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून ते हळूच म्हणाले, "अगं, बुडाली नाही..."

विमानांपर्यंत काही ते पोचले नाहीत.