तुमचंच आहे तिकीट!

"एवढासा कागद कुणी आरशाशेजारी लावतं? आमच्या वेळी तिथं नवऱ्याचा फोटो असायचा," तूरानखानम सुनेच्या कानाशीच पुटपुटल्या.

फरंगीसने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कागद कसला, आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्याचं तिकीट होतं ते! इराणातल्या इस्फहानचा संघ फेब्रुवारीपासून एकेका देशाला लोळवत इथवर आला होता, आणि यंदा पहिल्यांदाच मैदानाचा एक कोपरा बायकांना मिळाला होता. मोबाईलवर बोटं झिजवून तिने जागा पटकावली होती. "आता मला अडवून दाखवा कुणी!" ती गल्लीभर सांगत सुटली.

अडवलं तिच्याच जिभेने.

वरच्या मजल्यावरच्या बेकबाई चहाला आल्या. वयाने लहान, नवरा कारखान्यात इंजिनिअर, माहेर कोरिया. शुक्रवारी समोर येणारा संघही तिथलाच! तिकीट बघून त्या म्हणाल्या, "किती छान!"

"तुमचंच आहे हो!" फरंगीस म्हणाली.

आता इस्फहानात कुणी गालिच्याला छान म्हटलं की आपण 'तुमचाच' म्हणायचं, समोरच्याने तीनदा 'छे छे' करायचं, अन् गालिचा जागचा हलत नाही. पण बेकबाई वाकल्या, दोन्ही हातांनी तिकीट घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. फरंगीसचा चेहरा फाटलेल्या दुधासारखा झाला!

दिलेलं परत मागायचं? त्यापेक्षा संघाने दहा गोल खाल्लेले परवडले!

दुसऱ्या दिवशी ती डाळिंब-अक्रोडाच्या रश्शाचं भांडं घेऊन वर गेली. पाहुणचाराने बाई विरघळेल! "भांडं सुरेख!" "तुमचंच!" भांडं गेलं. तिसऱ्या दिवशी 'मैदानात थंडी फार' एवढंच सुचवायला गेली. "शाल किती उबदार!" संघाच्या रंगाची पिवळी शालही गेली.

"थांब आता," तूरानखानम म्हणाल्या, "नाहीतर माझा मुलगाही देऊन येशील!"

शुक्रवारी दुपारी रस्त्यावर भोंगे वाजू लागले. फरंगीस धावत जिना चढली. बेकबाई दारात, घरच्याच कपड्यांत! तिचा धीर सुटला आणि तिच्या सात पिढ्यांत कुणी उच्चारलं नव्हतं ते ती बोलून गेली.

"बेकबाई, ते तिकीट मला परत हवंय!"

बेकबाई पांढऱ्याफटक पडल्या. "अगंबाई! मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मोठ्यांनी दिलेलं आमच्यात नाकारत नाहीत, म्हणून घेतलं. पण काल तुमच्या सासूबाई आल्या, तिकिटाला छान म्हणाल्या, शालीलाही. मी तुमची रीत शिकले ना! म्हटलं, तुमचंच."

"आणि त्यांनी तीनदा छे छे केलं नाही?"

"एकदाही नाही!"

खाली दार करकरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तूरानखानम पिवळी शाल गुंडाळून काठीसकट निघाल्या होत्या.

"मामानजान, अहो आई! तुम्ही तर म्हणायचात, फुटबॉल म्हणजे रिकामटेकड्यांची धावपळ!"

"म्हणायचे. मोसमभर टीव्हीसमोर तुझ्या मागे बसून जपमाळ ओढली, ती काय गुडघ्यांसाठी?" म्हातारी थबकली. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मला बघायचंय गं एकदा. तिथं जाऊन."

फरंगीसने खाली येऊन शालीची गाठ नीट बांधून दिली.

"आणि तोंड पाडू नकोस," उंबऱ्यावरून सासूबाई म्हणाल्या. "घरी टीव्ही आहे. तुझाच आहे हो!"