खुंटीवरचं परस्थान

माणिकराव खतवाले हातात लांबुडकं पाकीट घेऊन ओसरीवर आले तेव्हा किशन मास्तर आठवीचे भूगोलाचे पेपर तपासत होते. पाकिटात काय आहे हे कळताच एका निरपराध पोराचे दोन मार्क कमी झाले.

“मास्तर, कंपनीनं बक्षीस देलंय! यंदा जिल्ह्यात सगळ्यात जास्त खत आमी इकलं. नवराबायकूला आगबोटीनं समुद्रातल्या बेटावर नेणार. अन् योग बघा, आमच्या लग्नाला याच महिन्यात पंचवीस वर्षं भरायलेत!”

“वा वा!” मास्तर म्हणाले. हे दोन शब्द काढताना त्यांना जेवढा त्रास झाला तेवढा दाढ काढतानाही झाला नव्हता.

हायब्रीड ज्वारी परभणीत आली आणि शेजारचे माणिकराव बघता बघता मोठे झाले. आधी पत्रे जाऊन स्लॅब आला, मग फटफटी आली, आता आगबोट. इकडे मास्तर उभी हयात पोरांना महासागर शिकवत होते. पण त्यांनी स्वतः पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी. लग्नाच्या पहिल्या वर्षी सगुणाबाईंनी लाजत लाजत “मला एकदा समुद्र दाखवा” म्हटलं होतं. मास्तरांनी तेव्हा भिंतीवरचा नकाशा दाखवला होता.

“आता दोन बोटी हायेत,” माणिकराव सांगत होते. “एक कोचीनहून लक्षद्वीपला जाती, एक मद्रासहून अंदमानला. कोणची धरू? तुमी भूगोलाचे. तुमी म्हणाल ती.”

आत स्वयंपाकघरात ताटली पडल्याचा आवाज झाला. सगुणाबाई ऐकत होत्या.

मास्तरांनी नकाशा उघडला. लक्षद्वीप म्हणजे संध्याकाळी बसलं की सकाळी बेटावर. अंदमान म्हणजे चार दिवस चारी बाजूंनी नुसतं पाणी. आणि माणिकरावांच्या चतुराबाईंना पोखर्णीला देवदर्शनाला जाताना एस.टी.त सुद्धा पहिल्या वळणावर उलटी होते, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मास्तरांचं बोट पश्चिमेकडून निघालं आणि पूर्वेला जाऊन थांबलं.

“अंदमान,” ते म्हणाले. “लक्षद्वीपला काय, रात्री डोळा लागला की आलंच. तुमच्यासारख्या माणसाला बोटीत बसल्यासारखं वाटायला नको?”

माणिकरावांचे डोळे भरून आले. “याला म्हनावं शेजारी!” म्हणत त्यांनी कंपनीला तसं कळवून टाकलं.

इथवर सगळं मास्तरांच्या मनासारखं चाललं होतं. पण निघायचा दिवस नेमका अमावास्येचा आला, आणि माणिकरावांच्या आई गोजरबाई मध्ये पडल्या. दिवस वाईट असला तर चांगल्या दिवशी परस्थान ठेवावं, म्हणजे तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून प्रवासाच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवावं. माणूस मागून निघाला तरी प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. मद्रासच्या दिशेचं पहिलं घर मास्तरांचं. गोजरबाईंनी ते लाल गाठोडं आणून मास्तरांच्या कोटाच्या खुंटीला अडकवलं आणि कोट खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून गाठोड्याला माणसं यायला लागली. गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन आल्या. सेलूचे पाहुणे आले. “मास्तर, जरा सरका की,” असं म्हणून त्यांच्याच घरात त्यांना बाजूला करून मंडळी गाठोड्याला हात जोडत आणि चहा पिऊन जात. चहा अर्थात मास्तरांचा. दुसऱ्याच्या बारशाला आपल्या घरी घुगऱ्या वाटाव्यात तसं चाललं होतं. त्यात सगुणाबाई रोज सकाळी गाठोड्यावर एक फूल ठेवायच्या.

“अवो, परक्याचं असलं तरी परवासाचं हाय,” त्या म्हणायच्या. “आपल्या घरात दुसरं कुठलं येणार हाय?”

हे वाक्य मास्तरांना फार लागलं. जळून जळून माणूस किती जळणार? शेवटी गाठोडं बघायला खुद्द चतुराबाई आल्या तेव्हा मास्तर अगदी मऊ आवाजात म्हणाले, “वैनी, काळ्या पाण्यावर जपून बरं का.”

“कोणचं काळं पाणी?”

“अंदमान म्हणजे तेच की. पूर्वी तिथं जन्मठेपेचे कैदी पाठवायचे. आता तसं काही नाही.” मास्तर जरा थांबले. “बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’नं काम केलं. दिवे लागायच्या आत माणिकरावांच्या घरातून चतुराबाईंचा आवाज गल्लीभर ऐकू यायला लागला. “पंचवीस वर्षं भाकरी थापल्या, त्याचं हे बक्षीस? मला जन्मठेपेला धाडायलेत व्हय? काय गुन्हा केला मी?” माणिकरावांनी आणाभाका घेतल्या, पण चतुराबाई डोक्यावरून पांघरूण घेऊन निजल्या त्या उठेचनात. त्या दिवशी मास्तरांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

सकाळी माणिकराव पडल्या चेहऱ्यानं गाठोडं परत न्यायला आले. त्यांनी खुंटीकडे हात नेला तोच मागून गोजरबाई ओरडल्या, “हात लावू नको! ठेवलेलं परस्थान माघारी आणलं तर वणवण घरात शिरती. मग सारी उमर पायाला भिंगरी!”

“मग आता काय करावं आई?”

“ज्या घरात परस्थान हाय, त्या घरानं निघावं. बोटीवरची नावं मद्रासलाच सांगायचीत न्हवं? मास्तरला धाड.”

मास्तर सावकाश म्हणाले, “आता तुम्ही एवढा आग्रह करताय तर आम्ही घरात विचार…”

“आमी निघतो,” सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात ट्रंक होती.

पुढचे दिवस मास्तर जमिनीवर नव्हते. चार दिवसांच्या पाण्याचं आठवून मधूनच ते नकाशावर बोटानं अंतर मोजायचे, पण माणिकरावांच्या बोटीत आपण बसणार या विचारानं नकाशा लगेच मिटायचे. रजा मागताना हेडमास्तरांचा चेहरा बघून तर त्यांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

निघायच्या दिवशी अख्खी गल्ली परभणी स्टेशनावर लोटली. सिकंदराबादपासून कंपनीचा माणूस सोबत असणार होता, तरी काळ्या पाण्याला निघालेत म्हणून बाया पदर डोळ्याला लावत होत्या. सगुणाबाई नवं इरकली लुगडं नेसून, गळ्यात हार घालून खिडकीत बसल्या होत्या आणि परस्थान त्यांनी पोटाशी धरलं होतं. मास्तर शेजारी बसून सगळ्यांना, ओळख नसलेल्यांनाही, नमस्कार करत होते.

चतुराबाई सर्वांत शेवटी लाडवांचा डबा घेऊन आल्या. त्यांनी तो हार पाहिला, लुगडं पाहिलं, ओळीनं कुंकू लावणाऱ्या बाया पाहिल्या. मास्तरांनी इतकी वर्षं मन लावून केलेलं जळण्याचं काम चतुराबाईंना एका क्षणात जमलं.

“लाडू माझे, खत माझ्या नवऱ्याचं, पंचवीस वर्षं माझी,” त्या कडाडल्या, “अन् खिडकीत ही?” आणि त्या डब्यासकट गाडीत चढल्या. “उतरा सगुणाबाई!”

“परस्थान माझ्यापाशी हाय. मी हालणार न्हाई.”

“अगं, काळं पाणी…” माणिकराव खालून म्हणाले.

“असू द्या काळं! हिला चालतंय तर मला कामून न्हाई?”

गार्डानं शिटी मारली. सगळे गोजरबाईंकडे बघायला लागले. म्हातारीनं एक क्षणही घेतला नाही.

“तिकिटं चतुरेची, परस्थान सगुणेचं. दोघींनी जावं. मास्तर, खाली उतरा.”

“अहो आई, पण मी…”

“तुमाला सारा भूगोल पाठ हाय न्हवं? मग बघायचं काय राह्यलं?”

मास्तरांनी मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं. सगुणाबाईंनी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि चतुराबाईंना बसायला जागा केली. गाडी हलली. माणिकरावांनी मास्तरांना दंडाला धरून खाली ओढलं नसतं तर मास्तर थेट पूर्णेला उतरले असते.

गाडी लांब गेली. खिडकीतून दोघी बाहेर बघत होत्या, पण पुढे, मागे नाही. बहुतेक लाडवांचा डबाही उघडला होता. गल्ली पांगली.

“मास्तर,” माणिकराव बाकावर टेकत म्हणाले, “किती दिवसांचं पाणी हाय वो अंदमानला?”

“जायला चार. यायला चार.”

“अन् कोचीनची धरली असती तर?”

मास्तर रिकाम्या रुळांकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं ते शेजाऱ्यांवर जळत आले होते, आणि त्यात एक सुख होतं: संध्याकाळी घरी येऊन सगळा जळफळाट बायकोपाशी ओकता यायचा. आता बायकोवरच जळायची पाळी आली होती. ते कुणाला सांगायचं?

त्यांनी शेजारी बसलेल्या माणिकरावांकडे पाहिलं. माणिकराव मान खाली घालून बसले होते. मास्तर थोडे सरकून त्यांच्या जवळ बसले.