ओळखपरेड बंद

पेणकर डॉक्टरांकडे विसराळू म्हाताऱ्याला घेऊन गेलात, की ते केसपेपर तुमच्या नावाने काढत. म्हाताऱ्याच्या नाही, तुमच्या. आमच्या आबांना विस्मरणाचा आजार जडला तेव्हा मी त्यांना रिक्षात घालून कामोठ्यातल्या त्या दवाखान्यात नेलं. आबा खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होते आणि डॉक्टर माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होते.

"डॉक्टर, पेशंट ते आहेत."

"ते मजेत आहेत. झोप किती तास लागते?"

"त्यांना?"

"तुला, बाई."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हा बाबा स्वतःच चळलाय. पण खरं सांगायचं तर माझ्या झोपेची चौकशी करणारा तो पहिला माणूस. नवऱ्याने सोडल्यापासून मी माहेरीच. घरात दादा, वहिनी, दोन पुतणे. सगळे विचारणार, "आबा जेवले का?" मी जेवले का, हे कुणाच्या बापाला पडलेलं नव्हतं. बापाला होतं, पण तो विसरून गेला होता.

पेणकर म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्रायली. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, दोन्ही न उठणारी, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी पेशंटच्या पेनाने लिहायची. मराठी तुमच्याआमच्यापेक्षा चोख आणि शिव्या त्याहून चोख. आम्ही मोठ्या हॉस्पिटलातून मेंदूचे फोटो काढून आणले होते. ते त्यांनी उजेडात धरून नीट पाहिले आणि परत पिशवीत सारले. "हे झालं. आता सकाळी त्यांना चहा कोण देतं, ते सांग. आणि संध्याकाळी ते घाबरेघुबरे होतात तेव्हा घरात कोण कोण ओरडतं?"

गोळी एकच दिली. सूचना मात्र दोन पानं.

दवाखान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : 'येथे ओळखपरेड होत नाही.' तिचा अर्थ कळायला तुम्ही आमच्याकडची पाहुणेमंडळी बघायला हवीत. आजारी माणसाला बघायला आलेला प्रत्येक जण उंबऱ्यातूनच गरजतो, "ओलखलास काय मना?" ओळखलं तर पाहुणा जिंकला. नाही ओळखलं, की माझ्याकडे वळून च्च् च्च्, आणि वर, "मना पन नाय ओलखला गो." मना पन! जसा काही हा मोठा लाटसाहेब.

डॉक्टरांना या प्रश्नाची जन्माची चीड. "परीक्षा घ्यायला येता का रे? त्या बिचाऱ्याला दिवसातून दहादा नापास करता." त्यांचा नियम सरळ होता. आत यायचं, आपलं नाव सांगायचं, नातं सांगायचं आणि शेजारी बसायचं. कुणी विसरलं तर ते त्याला दवाखान्याबाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून आत यायला लावत. एका नगरसेवकाला त्यांनी तीनदा आत-बाहेर करायला लावलं होतं. स्वतःही तसंच करत. "राम राम आबा. मी पेणकर. डॉक्टर आहे. सुई आणलेली नाही." आबा खूश होऊन सरकून जागा द्यायचे.

त्या वर्षी गणपतीत आमच्याकडे माणसांची रीघ लागणार, म्हणून डॉक्टर स्वतः येऊन दारात उभे राहिले. "नाव? नातं? हं, पुढे." लग्नातल्या जेवणाच्या रांगेसारखी पाहुण्यांची रांग. दादा भडकला. "माझ्या बापाला मी माझं नाव सांगू?"

"सांगायला काय जातं? तूही विसरलास का?"

चार माणसांत हसं झालं आणि तिथेच माशी शिंकली. दुपारी डॉक्टर गेले. संध्याकाळी उरणकडचे आबांचे आतेभाऊ आले. दादाने मुद्दाम त्यांना आबांसमोर बसवलं. "सांग आबा, ह्यो कोन? नाय, नीट बघ. कोन हाय ह्यो?" तीनदा, चारदा. घरभर माणसं, सगळ्यांचे डोळे आबांवर. मी म्हटलं, पुरे कर, दादा. तो थांबला नाही. आबांनी घाबरून समोरची थाळी उचलली आणि दादाच्या तोंडावर हाणली. भुवईला दोन टाके.

पुढच्या आठवड्यात कर्जतकडचा एक वृद्धाश्रम ठरला. मी नको म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू? आबांना तिथे सोडून आलो आणि मी नऊ तास झोपले.

डॉक्टरांना सांगायला गेले ते शिव्या खायच्या तयारीनेच. त्यांनी फक्त आश्रमाचा पत्ता विचारला, माझ्या पेनाने लिहून घेतला आणि म्हणाले, "बरं. तू झोप आता." तो मला टोमणाच वाटला. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं.

आश्रमात मी चार वेळा गेले. पहिल्यांदा आबांनी माझी ओढणी धरून ठेवली, "घरी चल" म्हणाले. चौथ्यांदा विचारलं, "कोन गो तू?" आणि मी, जिने दादाला 'पुरे कर' म्हटलं ती मी, रडत म्हणाले, "आबा, मला नाही ओळखलंत?" ते घाबरून भिंतीकडे सरकले. त्यानंतर माझा पाय उचलला नाही.

आश्रमात नऊ महिने काढून आबा गेले. त्यांचे कपडे आणायला मी आश्रमात गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी सहीसाठी भेटीला येणाऱ्यांची वही पुढे केली. दर आठवड्याला एकच अक्षर. नाव : पेणकर. नातं : भाऊ. आणि सगळे शनिवार. शनिवार म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, काम नाही की प्रवास नाही; त्या दिवशी दवाखाना बंद. आमची जुनी माणसं त्यांच्या लोकांना शनवारतेली म्हणायची, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाण्याला हात लावायचे नाहीत. पेणकरही त्या दिवशी प्रार्थना सोडली तर जिना उतरत नसत. आणि इथे एसटीने कर्जत.

मी तशीच दवाखान्यात गेले. "मला सांगितलं का नाही?"

"तुला झोपायला सांगितलं होतं."

"आणि भाऊ?"

डॉक्टर म्हणाले, "माझे दोघे भाऊ इस्रायलला गेले, त्याला जमाना झाला. इथे कुणाला भाऊ म्हणू? आबा दर वेळी विचारायचे, कोण तू? मी सांगायचो, भाऊ. मग ते म्हणायचे, मंग इतके दिस कुठं व्हतास रं? जेवलास काय?" त्यांनी चष्मा काढला. "दर शनिवारी विचारायचे गं. दर शनिवारी."

आबांना सख्खा भाऊ नव्हता. शेवटच्या नऊ महिन्यांत मिळाला. मुलगी होती, पण ती झोपली होती.