तेल, धूळ आणि हेक्टरची गाडी

हेक्टर मॅकनीलच्या गाडीचा खालचा पत्रा किती उरलाय, हे देवाला ठाऊक होतं आणि थोडंफार हेक्टरला. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना वाळवीसारखं पोखरतं. हेक्टरचा उपाय वडिलोपार्जित होता. हिवाळ्याआधी गाडीला खालून भरपूर तेल फवारायचं, मग ओल्या तेलानिशी कच्च्या रस्त्यावरून मनसोक्त भटकून धूळ चढवायची. वर्षानुवर्षं थरावर थर बसून खाली बोटभर जाड कवच तयार झालं होतं.

"या वेळी गाडी सरकारी तपासणीत नापास झाली, तर मी म्हणेन ती नवी गाडी घ्यायची," बायकोनं, ऑड्रीनं, बजावलं.

"आणि पास झाली तर?"

"तर त्या खटाऱ्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही."

याच गाडीतून हेक्टरनं तान्ह्या लेकीला घरी आणलं होतं. गाडीवर त्याचा खरोखर जीव होता. तपासणी जवळ आली तसं त्याचं जेवणावरून मन उडालं. ते पाहून ऑड्रीला दया आली, आणि तिथेच घात झाला.

तपासणीच्या दिवशी सकाळी ती गुपचूप गाडी घेऊन जाऊन आली. मग दोघं तपासणीसाठी बर्नीच्या गॅरेजात गेले. बर्नीनं गाडी वर उचलली आणि रिवाजाप्रमाणे खालून हातोडीनं ठोकून पाहिलं. पहिल्याच ठोक्याला हातोडी आरपार गेली. दुसऱ्याला सायलेन्सर खाली आला. तिसरा ठोका मारायचा बर्नीला धीर झाला नाही.

"हिचा चिखल कुठे गेला?"

"मी धुतला," ऑड्री कौतुकानं म्हणाली. "गरम पाण्याचा जोरदार फवारा मारून. याच्या घशाखाली घास उतरेना, म्हटलं गाडी स्वच्छ दिसली तर तू पास करशील."

"बाई, तो चिखल नव्हता. तीच गाडी होती."

हेक्टरनं खाली पडलेला सायलेन्सर उचलून बाजूला ठेवला. जन्मात पहिल्यांदा ऑड्री गाडीच्या बाजूनं उभी राहिली होती. तिच्यावर रागावणार तरी कसं? ऑड्रीचा चेहरा एवढासा झाला.

"हेक्टर, माझं चुकलं. आता तुला हवी ती गाडी घे."

बर्नीच्या आवारात विकायच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. चकचकीत गाड्या मागे टाकत हेक्टर थेट कुंपणापर्यंत गेला. तिथल्या एका जुनाट गाडीखाली वाकून त्यानं नखानं खरवडून पाहिलं. माती दगडासारखी घट्ट होती.

"ही कधी धुतलीस?"

"मी? कधीच नाही," बर्नी म्हणाला.

"मग हीच." हेक्टर गुडघे झटकत उठला. "पण ऑड्री, यापुढे मी उपाशी मेलो तरी माझ्यावर दया करायची नाही."